जुन्या विलीज जीपच्या पाट्यातला झिजलेला बुश कसा काढावा?

हातोडा आधी बाजूला ठेवा. विलीजच्या पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) दोन प्रकारचे बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या धातूच्या नळ्या, असतात आणि प्रत्येकाची काढायची पद्धत वेगळी. शॅकलकडचे (शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) बुश आट्यांचे असतात, ते ठोकायचे नाहीत, पान्याने फिरवून काढायचे. त्यातही काहींना डावे आटे असतात, म्हणून सैल होत नसेल तर जोर वाढवण्याआधी दिशा तपासा.

पाट्याचं दुसरं टोक थेट चेसिसला बसतं; त्याच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या गोल भोकातला बुश मात्र दाबून बसवलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. मग लांब बोल्ट घ्या: एका बाजूला बुशपेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल असा पाइपचा तुकडा, जाड वॉशर, नट. नट आवळत गेलात की बुश सरळ पाइपात ओढला जातो. तरीही हलला नाही तर हॅक्सॉचं पातं डोळ्यातून घालून बुशला लांबीत एक चीर पाडा आणि बारीक छिन्नीने तो आत मुडपा. शेवटचा थर अगदी हळू कापा, डोळ्याला ओरखडा गेला तर तिथूनच पुढे तडा जातो.

गॅसचा टॉर्च अजिबात लावू नका. पाट्याचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो, आणि अस्सल जुने पाटे आता सहज मिळत नाहीत.