रॉडचं गणित जुळलं, मोटरचं का नाही?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. पुस्तकातला ओहमचा नियम तिने घरीच लावून पाहिला. संध्याकाळी व्होल्टेज १९५ होतं. पाणी तापवायच्या १५०० वॅटच्या रॉडने ५.५ अँपिअर घेतले, विहिरीवरच्या दीड एचपी सिंगल फेज मोटरने १०. व्होल्टेजला करंटने भागून रॉडचा रोध ३५.५ ओहम आला आणि मल्टिमीटरनेही जवळपास तेवढाच दाखवला. मोटरचा १९.५ यायला हवा, तर मीटर २.५ वरच थांबतो. मीटर बिघडला की गणित?
— एक शेतकरी, अमळनेर तालुका

उत्तर : तुमनी पोर हुशार शे, भाऊ! मीटरही चांगला आहे आणि भागाकारही. फक्त मोटरला हा भागाकार लावायचा नसतो.

रॉडमध्ये नुसती तापणारी तार. ती नायक्रोमची, म्हणून थंड असताना आणि तापल्यावर तिचा रोध फारसा बदलत नाही. (जुना पिवळा बल्ब असता तर तिथंही गोंधळ झाला असता; १०० वॅटच्या बल्बचा रोध पेटल्यावर ५२९ ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.) पॉवर काढा : १९५ गुणिले ५.५, म्हणजे साधारण १०७० वॅट. रॉडवर १५०० लिहिलंय ते २३० व्होल्टला. वीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला तेव्हा २८ मिनिटं लागली असती, आता ३९. डिसेंबरात आंघोळीला उशीर का होतो, ते तिला यावरून सांगा.

मोटर फिरू लागली की वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या गुंडाळलेल्या तारेत, उलटं व्होल्टेज तयार होतं आणि तेच करंट अडवतं. वाइंडिंगची तार फक्त २.५ ओहमची. तेवढ्यावरच असती तर १९५ व्होल्टला ७८ अँपिअर वाहिले असते! म्हणूनच गाळ अडकून पंप जाम झाला की करंट पाच-सहा पट चढतो. ओहमने १८२७ साली नियम छापला तो एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा आणि साध्या तारांचा. फिरत्या मोटरचा नव्हे.

मोटरची पॉवरही १९५० वॅट धरू नका. पॉवर फॅक्टरने, म्हणजे व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला किती हिस्सा खरी पॉवर आहे त्या आकड्याने, गुणायचं. मोटरवरच्या माहितीच्या प्लेटवर तो ०.८५ असेल तर १६५७ वॅट होतात, आणि घरचा वीजमीटर तेवढेच मोजतो.

आता खरी काळजी. व्होल्टेज पडलं की रॉड कमी करंट घेतो, मोटर जास्त ओढते, कारण पाणी तर तिला तेवढंच चढवायचं असतं. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते : ८ अँपिअरला १६० वॅट, १० ला २५०. रिवाइंडिंगवाल्याकडे उन्हाळ्यात मोटरींची रांग लागते ती उगाच नाही.

मुलीला दोन गोष्टी बजावा. करंट मोजायच्या चिमट्यात (क्लॅम्प मीटरमध्ये) एकच वायर घालायची. दोन्ही घातल्या तर शून्य दिसतं. आणि ओहम मोजताना लाईट बंद, वायरी सोडलेल्या, कॅपॅसिटर रिकामा केलेला. हे काम तिने तुमच्याशिवाय करू नये.

तुम्ही मोटरची प्लेट पाहा. त्यावर १० पेक्षा कमी अँपिअर असतील, तर व्होल्टेज वर येईपर्यंत मोटर बंद ठेवा आणि स्टार्टरचा ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा भाग) प्लेटवरच्या अँपिअरच्या आकड्याला लावून घ्या. मोटर सारखी बंद पडते म्हणून तो वाढवून ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे.