युरोपात फॅसिझमविरुद्ध लढलेल्या स्थानिक माणसांचं एखादं स्मारक बघायचं असेल तर कुठे जावं?

उत्तर इटलीत, बोलोन्याला जा. शिकायला म्हणून मी दोन वर्षं तिथे होतो आणि ज्या भिंतीबद्दल सांगतोय, ती वाचनालयाच्या दाराशीच असल्याने रोज दिसायची.

भर चौकात नेपच्यूनचं कारंजं आहे आणि शेजारी नगरपालिकेचा जुना वाडा, पालात्सो दाक्कुर्सिओ. त्याच्या भिंतीवर पार्टिझानांचे, म्हणजे नाझी सैन्य आणि मुसोलिनीच्या माणसांविरुद्ध उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांचे, सुमारे दोन हजार फोटो आहेत. कुणी टाय लावून स्टुडिओत बसलेला, कुणाची टोपी कलती, एखादी मुलगी मान तिरकी करून हसतेय. खाली नाव. घरातल्या अल्बममधून काढून दिलेले फोटो आहेत हे बघताक्षणी कळतं. एकच आडनाव पुन्हा दिसलं की पाय थबकतात.

ही जागा कुठल्या समितीने ठरवलेली नाही. १९४४ च्या उन्हाळ्यापासून फॅसिस्ट पकडलेल्यांना याच भिंतीशी उभं करून गोळ्या घालत आणि शहराला जरब बसावी म्हणून प्रेतं तिथेच ठेवत. २१ एप्रिल १९४५ ला बोलोन्या मुक्त झालं, तेव्हा मारल्या गेलेल्यांच्या घरच्या बायका फुलं आणि फोटो घेऊन थेट तिथे आल्या. पक्कं स्मारक नंतर झालं, पण खरं उभारलं ते त्या बायांनी. इतकं थेट स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिथे गेलात तर इर्मा बांदिएराचं नाव लक्षात ठेवा. २९ वर्षांची. ऑगस्ट १९४४ मध्ये पकडली गेली, अतोनात छळ झाला, पण तिने एकाही साथीदाराचं नाव सांगितलं नाही. शेवटी तिला रस्त्यावर गोळ्या घातल्या. आज शहरातल्या एका रस्त्याला तिचं नाव आहे.

आणि एक सांगायलाच हवं. शहर मुक्त होण्याच्या बारा दिवस आधी, ९ एप्रिलला, बोलोन्याच्या पूर्वेला सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून उचलून आणलं, मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शक्य झालं तर २५ एप्रिलला, इटलीच्या मुक्तिदिनी जा. त्या दिवशी भिंतीखाली पुष्पचक्रं ठेवलेली असतात आणि म्हातारी माणसं हजारो चेहऱ्यांतून न शोधता आपल्या माणसाच्या फोटोपाशी जाऊन उभी राहतात.