सासूबाईंना 'सात'चं 'हात' ऐकू येतं

काका, आम्ही दांडिया बाजारात जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर राहतो. दिवाणखाना १४ बाय ११, खाली लाकडी पाटण, वर सागवानी तुळया. दिवाळीत ५५ इंची टीव्ही घेतला, चित्र झकास, पण बोलणं कळत नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या. मालिकेत 'सात' म्हटलं की त्यांना 'हात' ऐकू येतं. आवाज वाढवला की जाहिरातीला सगळं घर दचकतं. मुलगा पुण्याहून सांगतो, टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, म्हणजे साउंडबार घ्या, आणि तोही अ‍ॅटमॉसवाला (ज्यात आवाज वरूनही आल्यासारखा वाटतो) ५.१.२ च. दुकानदारही तेच म्हणतो. खाली एक वयस्कर जोडपं राहतं. काय करावं?
— एक वाचक भगिनी, बडोदे

ताई, मुलगा गुणी असेल, पण या बाबतीत त्याचं ऐकू नका.

५.१.२ मधला शेवटचा २ म्हणजे आवाज वर फेकणारे दोन स्पीकर. तो छतावर आपटून खाली यायचा आणि पाऊस डोक्यावर पडल्यासारखा वाटायचा, अशी ती युक्ती. त्यासाठी छत सपाट लागतं आणि फार उंचही चालत नाही. तुमच्या तुळयांवर आपटलेला आवाज चार दिशांना फुटेल. म्हणजे पैसे जातील आणि पाऊस काही पडायचा नाही.

तुमचं दुखणं वेगळं आहे. टीव्ही पातळ झाले तसे त्यांचे स्पीकर मागे नाहीतर खाली गेले. बोलणं आधी भिंतीवर आदळतं, मग तुमच्याकडे येतं. त्यात 'स', 'श', 'च' हे आवाज बारीक, उंच पट्टीतले, आणि वयाबरोबर कान पहिले तेच गमावतो. 'सात'मधला 'आ' सासूबाईंना ठणठणीत ऐकू येतो, 'स' तेवढा गळतो. आवाज वाढवलात की 'आ'ही वाढतो. म्हणून घर दणाणतं आणि 'सात'चा 'हात' तसाच राहतो.

तेव्हा घ्यायचाच तर ३.१ घ्या. ३ म्हणजे डावा, उजवा आणि मधला, .१ म्हणजे वूफर, खर्जाचा आवाज काढणारा वेगळा स्पीकर. मधला स्पीकर मुख्यतः संवादांसाठी असतो. सिनेमा ५.१ आवाजात असेल तर बोलणं बहुतेक तिथूनच येतं. सेट टॉप बॉक्सवरच्या मालिका मात्र बऱ्याचदा दोनच वाहिन्यांच्या, म्हणजे फक्त डाव्या-उजव्या आवाजाच्या असतात. तिथे दोन्हीकडे सारखा असलेला आवाज ओळखून मधल्या स्पीकरला द्यायचं काम साउंडबार स्वतः करतो. काहींना ते जमतं, काही नुसता घोळ घालतात, आणि खोक्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं.

म्हणून सासूबाईंना रिक्षात बसवून दुकानात न्या. दुकानदार हेलिकॉप्टर उडवून दाखवेल, ते उडू द्या. मग म्हणा, आता मराठी बातम्या लावा. आवाज कमी ठेवायला सांगा, सासूबाईंना पडद्याकडे पाठ करून बसवा आणि निवेदिका काय म्हणाली ते विचारा. रिमोटवर 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग' बटण आहे का बघा. 'नाइट' असेल तर फारच चांगलं. ते मोठा आणि बारीक आवाज यातलं अंतर कमी करतं, जाहिरातीला दचकणं थांबतं.

आता वूफर. इथे माझीच फजिती सांगतो. रावपुऱ्यात ३० वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त केले. 'वूफर कोपऱ्यात ठेवू नका, भिंती मिळून त्याला फुगवतात,' हे शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवलं. स्वतःच्या घरी मात्र कोपऱ्यातच ठेवला, कारण प्लग तिथे होता. पहिल्याच रात्री फडताळातून टिर्रर्र असा आवाज. बायको म्हणाली, मांजर शिरलं. मी बॅटरी घेऊन गेलो तर पितळी डब्याचं झाकण थरथरत होतं. बोट ठेवलं की गप्प, उचललं की सुरू. तेवढ्यात खालच्या काकूंनी केरसुणीच्या दांड्याने छत ठोकलं. लाकडी पाटणावरचा वूफर म्हणजे खालच्यांच्या डोक्यावर ठेवलेला ढोल. नवरात्रात नऊ रात्री तो ऐकतोच आपण, वर्षभर कशाला?

मग भाच्याला बोलावलं. जिथे बसून टीव्ही बघतो त्या कोचावरच वूफर ठेवला, खर्जाचं एक गाणं लावलं आणि मी खोलीभर रांगलो. जिथे आवाज घुमत नाही, नुसता भरीव लागतो, ती जागा वूफरची. माझ्याकडे ती दारापासून हातभर अलीकडे निघाली. त्याच्याखाली जाड रबराचा तुकडा, त्यावर कोटा फरशी, आणि रात्री दहानंतर वूफर निम्म्यावर. काकू आता ठोकत नाहीत. तुमचे गुडघे दुखत असतील तर नातवंडाला रांगायला लावा.

साउंडबार टीव्हीखाली, टेबलाच्या अगदी पुढच्या कडेला ठेवा. कपाटाच्या कप्प्यात कोंबलात तर बोलणं पुन्हा डब्यातून येईल.

कारेलीबागेत फ्लॅटमध्ये राहतो. साउंडबार ब्लूटूथने जोडलाय. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

ब्लूटूथ काढा. गाण्याला ते ठीक, पण त्यात आवाज रेंगाळतो. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतील, त्यात एकावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं, टीव्हीचा आवाज साउंडबारकडे तिथूनच जातो. वायर त्यातच घाला, शेजारच्यात घातली तर आवाज येणार नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' चालू करा (कंपन्यांनी त्याला आपापली वेगळी नावं ठेवली आहेत). मग टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. तरीही आवाज मागे राहिला तर साउंडबारमधला 'डिले' शून्यावर आणा.

एकावर १००० वॉट लिहिलंय, दुसऱ्यावर ३००. किंमत जवळपास सारखी, खोली १० बाय १२. १००० वालाच ना?

कुठले वॉट ते आधी विचारा. 'आरएमएस', म्हणजे सतत देता येणारी ताकद, असं लिहिलं नसेल तर तो आकडा विसरा. आणि खरोखर दुप्पट वॉट असले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळण्याइतका. तुमच्या १० बाय १२ च्या खोलीत ३०० सुद्धा कधी पूर्ण उघडणार नाही.

वडिलांना फैयाझ खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची असतात. साउंडबारवर खाँसाहेब न्हाणीघरात गात असल्यासारखे वाटतात.

ज्यांनी बडोद्याचा दरबार गाजवला त्यांना न्हाणीघरात बसवलंत! 'सराउंड' बंद करून 'स्टँडर्ड' लावा. ती ध्वनिमुद्रणं एकाच वाहिनीची, त्यांना चारी बाजूंनी पसरवायला गेलं की असं होतं. वूफरही बंद ठेवा. त्या तव्यांवर इतका खालचा आवाज मुळात उतरलेलाच नाही, वूफरमधून तुम्हाला नुसती तबकडीची घरघर मिळेल.