सर्वाधिक होम रन नावावर असूनही बॅरी बाँड्स हॉल ऑफ फेममध्ये का नाही? डोपिंगमध्ये सापडल्यामुळे बंदी आली होती का?

नाही, बंदी कधीच आली नाही. उत्तेजकांसाठी मेजर लीग बेसबॉलने बाँड्सला एका सामन्यापुरतंही बाहेर बसवलेलं नाही. 762 होम रनचा (चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवायचा फटका) विक्रम आजही अधिकृत नोंदीत आहे, शेजारी फुलीबिली काही नाही. कोर्टात एकच आरोप सिद्ध झाला आणि तोही पुढे रद्द ठरला. त्याची वाट अडवली ती हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनाच्या, मतदारांनी. म्हणून क्रमाने पाहू.

सुरुवात 1998 पासून करा, कारण संशयाची वर्षं त्यानंतरची आहेत. 1986 ते 1992 पिट्सबर्ग पायरट्स आणि 1993 पासून सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. 1998 चा मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर 411 होम रन, 445 चोरलेले बेस, क्षेत्ररक्षणाचे 8 गोल्ड ग्लोव्ह आणि 3 एमव्हीपी (मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू) पुरस्कार होते. कारकिर्दीत 400 होम रन आणि 400 चोरलेले बेस असा दुहेरी टप्पा त्याच्याआधी कुणी गाठला नव्हता. पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, नजर चुकवून पुढच्या बेसवर (धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर) पळायचं म्हणजे बेस चोरायचा. त्याला चपळाई लागते, तर होम रनला ताकद. दोन्ही एका माणसात क्वचितच सापडतात. वडील बॉबी बाँड्स याच दुहेरी कौशल्यासाठी ओळखले जायचे, आणि बेसबॉलचे दिग्गज विली मेज बॅरीचे गॉडफादर.

त्याच वर्षी मार्क मॅग्वायरने 70 आणि सॅमी सोसाने 66 होम रन मारले. सगळा देश त्यांच्यामागे वेडा झाला होता. पुढच्या वर्षांत बाँड्सचं शरीर दिसण्याइतकं भरलं. 2001 मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्याने एका मोसमात 73 होम रन मारले. तो विक्रम अजून टिकून आहे. या वयात बॅटरचा हात सहसा मंदावतो, इथे नेमकं उलट झालं.

तरी सगळं श्रेय किंवा सगळा दोष औषधाला देणं मला पटत नाही. त्याचं तंत्र बारकाईने बघा. डावखुरा बाँड्स बॅटच्या मुठीपासून थोडं वर धरायचा, त्यामुळे फिरवण्याचं अंतर कमी व्हायचं आणि निर्णयाला क्षणभर जास्त वेळ मिळायचा. ॲशऐवजी तो मेपलची बॅट वापरायचा. उजव्या कोपरावर जाडजूड संरक्षक कवच असल्याने प्लेटला (बॅटरपुढची जमिनीतली पाटी) खेटून उभं राहायची भीती नसायची, आणि बाहेरच्या कडेचा चेंडूही त्याच्या टप्प्यात यायचा. नजरेचं तर काय सांगावं! 2004 मध्ये 45 होम रन आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) फक्त 41. बहुतेक मोठ्या फटकेबाजांचे स्ट्राइकआउट होम रनच्या दुप्पट-तिप्पट असतात.

मग पिचरांनी त्याला खेळवायचंच सोडलं. चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. 2004 मध्ये त्याला 232 वॉक मिळाले, त्यातले 120 उघडउघड मुद्दाम दिलेले. 617 वेळा तो बॅटिंगला आला आणि 376 वेळा बेसवर पोचला, म्हणजे 0.609. चांगल्या बॅटरचा हा आकडा 0.380 च्या आसपास असतो. याची चुणूक 28 मे 1998 लाच दिसली होती. ॲरिझोना 8-6 ने पुढे, शेवटची इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. ॲरिझोनाचे व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी बाँड्सला मुद्दाम वॉक देऊन एक धाव चक्क बहाल केली. पुढचा बॅटर झेल देऊन बाद झाला आणि ॲरिझोना 8-7 ने जिंकलं.

आता बाल्को. सॅन फ्रान्सिस्कोजवळ बर्लिंगेममधली ही व्हिक्टर काँटेची प्रयोगशाळा. सप्टेंबर 2003 मध्ये तिथे सरकारी छापा पडला. दोन पदार्थ महत्त्वाचे होते. ‘क्लिअर’ म्हणजे जिभेखाली घ्यायचे थेंब, त्यात टीएचजी नावाचं नवं स्टिरॉइड. चाचणीचं यंत्र ठरलेल्या यादीतलेच पदार्थ शोधतं आणि टीएचजी त्या यादीत नव्हतं. वर नेहमीच्या पद्धतीने नमुना तयार करतानाच त्याचे तुकडे व्हायचे. ‘क्रीम’ त्याहून चलाख. लघवीत टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचं प्रमाण साधारण 1:1 असतं, आणि त्या काळी 6:1 च्या वर गेलं तरच संशय घेत. क्रीममध्ये दोन्ही मिसळलेले, म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाढलं तरी प्रमाण बिघडत नसे. एका धावपटू-प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली आणि तिच्यातल्या उरल्यासुरल्या थेंबातून डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने टीएचजी ओळखलं. 2003 च्या निनावी चाचणीत निर्दोष ठरलेला बाँड्सचा नमुना सरकारने पुन्हा तपासला, तेव्हा त्यात टीएचजी निघालं.

डिसेंबर 2003 मध्ये ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) बाँड्सने सांगितलं की ट्रेनर ग्रेग अँडरसनने दिलेले पदार्थ आपण जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम समजून वापरले. घेतले की नाही, हा वाद इथेच संपतो. उरतो तो जाणूनबुजून घेतले का, हा प्रश्न. अँडरसन तुरुंगात गेला पण साक्ष दिली नाही, त्यामुळे 2011 मध्ये खोट्या साक्षीच्या तीन आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं नाही. न्यायात अडथळा आणल्याचा एक आरोप टिकला. अँडरसनने इंजेक्शनने घ्यायचं काही दिलं का, असं विचारल्यावर बाँड्स प्रसिद्ध बापाच्या पोटी वाढण्याबद्दल बोलत राहिला होता, तेवढ्यावरून. 30 दिवस नजरकैद, 2 वर्षं प्रोबेशन आणि 4,000 डॉलर दंड झाला. एप्रिल 2015 मध्ये अपील न्यायालयाच्या 11 पैकी 10 न्यायाधीशांनी तो निकालही फिरवला.

लीगने काहीच का केलं नाही? स्टिरॉइडना 1991 च्या एका परिपत्रकाने मनाई होती, पण चाचणीच नव्हती. खेळाडू संघटनेचा तिला विरोध होता आणि भरलेली मैदानं मालकांना हवीच होती. 2003 ची चाचणी निनावी, 2004 मध्ये पहिल्यांदा सापडल्यास फक्त उपचार. निलंबन 2005 पासून सुरू झालं.

हॉल ऑफ फेमसाठी किमान 10 वर्षं सदस्य असलेले बेसबॉल पत्रकार मत देतात आणि 75 टक्के लागतात. नियमात खेळाबरोबर सचोटी आणि चारित्र्य हे शब्दही आहेत. बाँड्सला 2013 मध्ये 36.2 टक्के मतं पडली आणि 2022 मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीला, 66. माझ्या मते त्याला आत घ्यायला हवं आणि त्याच्या फलकावर बाल्कोचं नावही कोरायला हवं. त्या काळात लीग चालवणारे आयुक्त बड सेलिग 2017 मध्येच आत गेले आहेत. दुसऱ्या बाजूचा एकच मुद्दा मला खरोखर जड वाटतो. काही न घेता खेळलेल्या कितीतरी खेळाडूंची संघातली जागा गेली आणि त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

पत्रकारांनंतर 16 जणांची समिती असते, तिथे 12 मतं लागतात. डिसेंबर 2022 मध्ये बाँड्सला 4 पेक्षा कमी मिळाली. डिसेंबर 2025 मध्ये 5 पेक्षा कमी, आणि त्याच दिवशी त्याचा जुना सहकारी जेफ केंट 14 मतांनी निवडून आला. 2002 मध्ये डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बसायच्या जागेत) या दोघांची धक्काबुक्की सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. नव्या नियमानुसार 5 हून कमी मतं मिळालेल्याला पुढची फेरी बंद, म्हणजे 2028 गेलं. 2031 मध्ये नाव पुन्हा येऊ शकतं, तेव्हा तो 67 वर्षांचा असेल. त्या वेळीही 5 मतं मिळाली नाहीत, तर त्याचं नाव समितीपुढे पुन्हा कधीच येणार नाही.