टाकळा ओळखायचा कसा? रानभाज्यांविषयी वाचकांचे प्रश्न

सोसायटीच्या कुंपणाबाहेर पहिल्या पावसानंतर मेथीसारखी दिसणारी रोपं दाट उगवली आहेत. कोणी टाकळा म्हणतं, कोणी कासविंदा. फुलं अजून नाहीत. नक्की काय ते कसं ठरवायचं?
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

फुलांची वाट पाहू नका. दोन्हींची फुलं पिवळीच असतात, आणि फुलं येईपर्यंत भाजी जून होते. ओळख पटते ती पानावरून.

तळाची एक-दोन पानं सोडून वरचं एक पूर्ण पान देठासकट खुडा. मेथीच्या एका पानात तीन पर्णिका, म्हणजे छोटी पानं, असतात; टाकळ्याला समोरासमोर तीन जोड्या, म्हणजे सहा. टोकाकडची जोडी सगळ्यात मोठी, आणि प्रत्येक पर्णिका देठाकडे निमुळती, टोकाला गोल. आता पान उजेडात आडवं धरा. खालच्या जोडीच्या मधोमध, देठावर, टाचणीच्या टोकाएवढी नारिंगी खुंटी उभी दिसेल. ही ग्रंथी. तशीच दुसरी खुंटी मधल्या जोडीत असते; सगळ्यात वरच्या जोडीत नसते.

कासविंद्याच्या पर्णिका चार-पाच जोड्या, टोकाला अणकुचीदार. त्याची ग्रंथी पर्णिकांच्या मध्ये नसून देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ असते. पान चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो. पुढे टाकळ्याला बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली शेंग धरते. कासविंद्याची शेंग चपटी असते. हा फरक काटेकोरपणे पाहा, कारण कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाल्ल्याने लहान मुलांच्या मेंदूवर, यकृतावर आणि स्नायूंवर परिणाम होऊन मृत्यू ओढवले आहेत. मुलं खेळतात तिथे कासविंदा असेल तर शेंगा धरण्यापूर्वीच मुळासकट काढा.

तिसरा भाऊबंद पडीक प्लॉटवर माजतो. तो मूळचा अमेरिकेतला, सेना युनिफ्लोरा. पर्णिका तीन ते पाच जोड्या, त्यामुळे फसगत होते. पण पानं-खोड लवदार असतं आणि शेंग जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी, सरळ, कप्पे पाडल्यासारखी. गाजरगवताला हटवण्यासाठी हा मुद्दाम पेरला गेला होता. हा भाजीचा नव्हे. हाताला लव लागली की सोडून द्या.

टाकळ्याचं शास्त्रीय नाव पुस्तकात ‘कॅसिया टोरा’ आहे, मोबाइलचं ॲप ‘सेना ऑब्ट्युसिफोलिया’ सांगतं. बरोबर कोण?
– घणसोली, नवी मुंबई

पुस्तक चूक नाही, नाव जुनं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये कॅसिया टोरा म्हटलं. भारतीय वनस्पतींवरच्या रॉक्सबर्गच्या ग्रंथात 1832 मध्ये ते सेना टोरा झालं. 1982 मध्ये कॅसिया हा मोठा गट फोडल्यावर सेना हे नाव रुळलं. बहावा मात्र कॅसियाच राहिला.

ऑब्ट्युसिफोलिया ही टाकळ्याची जुळी बहीण म्हणावी इतकी सारखी. तिला ग्रंथी सहसा एकच, सर्वांत खालच्या जोडीत. आणि शेंगेचा देठ लांब, दीड ते तीन सेंटिमीटर. टाकळ्याचा देठ आखूड. फोटोत ग्रंथी दिसत नाही, म्हणून ॲप इथे गडबडतं. पानाचा जवळून, वरून फोटो काढून बघा.

स्टेशनबाहेरून संध्याकाळी घेतलेली जुडी मलूल होती, भाजी कडू झाली आणि पोटही बिघडलं.
– नेरुळ

पानं मिटलेली होती म्हणून जुडी शिळी, असं नाही. टाकळा सांजावल्यावर पर्णिका मिटतोच. ताजेपणा दांड्यावर पाहा. शेंडा नखाने चटकन तुटला पाहिजे. वाकून सोलला गेला तर ती जून झाली, आणि कडवटपणा तिथूनच येतो.

पोट बिघडण्याचं कारणही साधं आहे: टाकळ्यात रेचक द्रव्यं असतात. पहिल्यांदा खाताना वाटीभरच खा, गर्भवतींनी टाळावा.

फक्त शेंड्याची कोवळी पानं घ्या. पालटून बघा: एमिग्रंट फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या पानाच्या शिरेवर अशा चिकटून बसतात की दिसतच नाहीत. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून धुवा. चार वाट्या चिरलेल्या पानांना एक मोठा कांदा, सहा-सात लसूण पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या, अर्धा तास भिजवलेली दोन चमचे मूगडाळ. फोडणीत कांदा मऊ झाला की डाळ, ती अर्धी शिजली की पाला. मीठ शेवटी घाला, कारण पाला बसून पावपट होतो आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. वरून पाव वाटी ओलं खोबरं. उकडलेल्या फणसाच्या आठळ्या घातल्या तर कडवटपणा जाणवतही नाही. पानं थोडी जून वाटली तर आधी पाच मिनिटं उकळून पिळून घ्या.

येऊरला फिरायला जातो तेव्हा तोडून आणली तर?
– वर्तकनगर, ठाणे

नको. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिथली वनस्पती तोडून नेता येत नाही. रेल्वेरुळांच्या कडेची, नाल्यालगतची आणि घोडबंदर रोडसारख्या वाहत्या रस्त्याकाठचीही घेऊ नका. तणनाशक, सांडपाणी आणि धूर धुऊन जात नाहीत. पावसाळ्यात बाजारात बसणाऱ्या आदिवासी बायकांकडून घ्या आणि कुठून आणली ते विचारा. घराजवळ स्वच्छ जागेत उगवला असेल तर रोप उपटू नका. शेंडा खुडला की बगलेतून नवे फुटवे येतात, आणि त्याच रोपावरून पुन्हा भाजी मिळते.