वाचक विचारतात: थ्री-नॉट-थ्रीला चकाकी नको

प्रश्न : पत्नीच्या ऑस्ट्रेलियन आजोबांची १९४२ सालची, ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्यात बनलेली थ्री-नॉट-थ्री रायफल आमच्याकडे येणार आहे. लाकूड काळं पडलंय, नळीवर तांबूस गंज आहे. घासून-पॉलिश करून बैठकीत लावायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : आधी कागद. तिकडे ही रायफल परवान्याच्या ‘कॅटेगरी बी’ या वर्गात मोडते. लायसन्स आणि नोंदणी होईपर्यंत ती परवानाधारक डीलरकडेच राहू द्या. बैठकीची भिंतही विसरा, कुलपाचं लोखंडी कपाट लागेल. हातात आली की मॅगझिन काढा, बोल्ट (दांड्याने पुढेमागे सरकणारा भाग) मागे ओढा आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी आणि करंगळीने, दोन्हींनी तपासा.

पॉलिश पेपर घरात आणूच नका. लाकडावरचे तपासनिसांचे शिक्के एकदा घासले की गेले, आणि अशा रायफलीची निम्मी किंमत त्यांतच असते. खोचा-ओरखडे राहू द्यात.

खोलताना एक घोटाळा हमखास होतो. दस्ता (खांद्याला टेकतो तो मागचा लाकडी भाग) आत एका लांब बोल्टने आवळलेला असतो; हा बोल्ट म्हणजे लांब स्क्रू, वर सांगितलेला सरकता बोल्ट नव्हे. त्या बोल्टचं पुढचं चौकोनी टोक पुढच्या, म्हणजे नळीखालच्या, लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवलात, तर टोक पट्टीला पिळतं आणि लाकूड मागून उभं चिरतं. म्हणून पुढचं लाकूड आधी, दस्ता नंतर, जोडताना उलट. खरं तर दस्ता हलत नसेल तर काढूच नका. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. स्क्रू हलेना तर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर थांबा. आत, ट्रिगरच्या वरच्या भागात, तांब्याच्या छोट्या पट्ट्या दिसतील. कुणाची जुनी डागडुजी समजून त्या फेकू नका. कोचवूडसारखं नरम लाकूड धक्क्याने चेपू नये म्हणून लिथगोनेच त्या बसवल्या होत्या.

गंजाला ०००० नंबरची स्टील वूल आणि पातळ तेल पुरतं. हलक्या हाताने घासा, लाल पूड सुटली की थांबा. खालचा तपकिरी-काळा थर ठेवायचा. व्हिनेगर आणि गंज काढायची आम्लं ब्लूइंगही (पोलादावरचा काळपट-निळा संरक्षक थर) उतरवतात. नळी आतून वेगळी हाताळावी लागते. त्या काळच्या काडतुसांच्या कॅपमधून नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि खड्डे पाडतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. सरकता बोल्ट काढून मागून नरसाळ्याने लिटरभर उकळतं पाणी सोडा, लाकडावर थेंब पडू देऊ नका. मग कोरडी चिंधी, शेवटी तेलाची.

लाकूड मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. सुकल्यावर जवसाचं कच्चं तेल, चमचाभरच, तळहाताने चोळा. अर्ध्या तासाने उरलेलं पुसा, एक दिवस सोडून पुन्हा. असे चार-पाच हात पुरेत. जास्त झालं की चिकट थर बसतो. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात. बाहेर पसरून वाळवा.

ठेवताना नळीचं तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्यात मुरून लाकूड मऊ पडणार नाही. चामड्याची किंवा फोमची पेटी नको. बोल्टच्या दांड्याच्या मागचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. जुळो न जुळो, आर्मररने (बंदुकांच्या कारागिराने) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातली काडतुसाची जागा, मोजल्याशिवाय गोळी झाडायची नाही.

प्रश्न : घरात त्याच रायफलीची १७ इंची संगीन म्यानासकट आहे. कशी जपू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : म्यानातून बाहेर काढा, गंज चामड्यातल्या ओलीमुळे चढतो. पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (जुन्या वस्तू जपायला वापरतात त्या मेणाचा) पातळ हात द्या आणि दोन्ही वेगवेगळी ठेवा. ९ इंचांवरच्या पात्याला काही भागांत परवाना लागतो, तेवढं पोलीस ठाण्यात विचारा.