पितळखोरा, वेरूळची लेणी एलियननं किंवा पांडवांनी एका रात्रीत कोरली हे खरं आहे का?

नाही हो भाऊ. आमच्या चाळीसगावकडे म्हातारी माणसं पांडवांची गोष्ट सांगतात ती गोष्ट म्हणून झकासच आहे, पण युट्यूबवाले "एवढा दगड माणसानं फोडणं शक्यच नाही" म्हणतात ना तेव्हा डोकं फिरतं. पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर चक्क कारागिराचं नाव कोरलंय, कण्हदास, आणि धंदा सोनाराचा! आता एलियन सोनारकी करत होते का? अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं अर्धवट सुटलंय ते बघून या, छिन्नीचे घाव दिसतात, काम कसं चाललं होतं आणि काय राहिलं ते कळतं. वेरूळचं कैलास लेणं तर ८व्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, वरून खाली कोरत आणलेलं. रात्रीत झालं असतं तर अर्धवट लेणी उरलीच कशी?